बिनमाशांची पेटी

मगदूम अण्णांच्या फिश टँकमध्ये मासे नव्हते. मेले होते किंवा आणायचे राहिले होते, असं नाही. मासे आणायचेच नव्हते. ‘फिश टँक’ हा शब्दही त्यांना चालत नसे. ‘पेटी म्हणा,’ असं ते बजावत. पाणी गाळून पिणारा, दिवस मावळायच्या आत जेवणारा जैन माणूस. जिवंत जीव काचेत कोंडणं त्यांच्याच्यानं झालं नसतं. कोणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

“मासे कशाला पायजेत? पाणी बघा की.”

आणि आलेला माणूस बिचारा पाच मिनिटं पाणी बघून घरी जाई.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी माझी सांगलीला बदली झाली. मी रहिमतपूरचा, बँकेत कारकून, नुकतंच लग्न झालेलं. नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात मी आणि मालतीनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेजारचं घर अण्णांचं. एके काळी त्यांचा स्टुडिओ होता. आसपासच्या गावांतल्या निम्म्या नवरा-नवरींना त्यांनी हनुवटी वर करायला लावली होती. पुढं स्टुडिओ विकून ते घरी बसले आणि ही पेटी करून घेतली.

पेटी म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेल्या काचा. तळाशी बारीक माती, तिच्यावर कृष्णेची धुतलेली वाळू. त्यात अण्णांनी नदीतलं आणि कुठल्या कुठल्या विहिरींतलं पाणगवत लावलं होतं. वर झाकणात एक दिवा. ते रोज वाकून बघत, पिवळं पान कात्रीनं टिपत, रबरी नळीनं तळाचा गाळ ओढून घेत आणि तितकंच गाळलेलं पाणी वाटीवाटीनं सोडत. आधी पाणी दुधासारखं गढूळ झालं, मग हिरवंगार. कोणी नाक मुरडलं की अण्णा म्हणत, “अजून मुरलं न्हाई. मुरू द्या.”

हे ‘मुरू द्या’ ते सगळ्यालाच लावत. भाजीत मीठ कमी आहे? मुरू द्या. सरकार नवीन आहे? मुरू द्या. माझ्याबद्दल त्यांनी घरमालकाला सांगितलं होतं, की माणूस बरा हाय, पण अजून मुरलेला न्हाई. मालती आणि मी एकदा कशावरून तरी भांडलो, ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी अण्णा बोळात भेटले आणि काही विचारलेलं नसताना म्हणाले, “लोणच्याला बी वरीस लागतं, साहेब.”

पण त्यांच्या घरात गेलं की माझं हसू उंबऱ्यावरच राहायचं. बाहेर रणरणतं ऊन असो, त्या खोलीत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. पाण्यातून येणारा हिरवा उजेड भिंतीवर, कॉटवर, अण्णांच्या गालांवर पसरलेला असायचा. आवाज म्हणून नाही. चहा यायचा, पण आणणारं दिसायचं नाही. आतल्या दाराच्या उंबऱ्यावर दोन कप सरकवलेले असत, वाफ निघत असे, आणि दारामागे काळोख. आत अण्णांच्या पत्नी, अक्का असतात, एवढं बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना बघितलेलं मात्र अलीकडे कोणी भेटत नव्हतं. मालती दोनदा हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेली, दोन्ही वेळा अण्णांनीच “सांगतो” म्हणून दार लावून घेतलं.

दर रविवारी अण्णा पेटीचा फोटो काढत. स्टुडिओतला तिपाईवरचा जुना लाकडी कॅमेरा त्यांनी तेवढा विकला नव्हता. पेटीसमोर तो ठेवायचा, डोक्यावरून काळं फडकं घ्यायचं आणि बराच वेळ त्यात वाकून राहायचं. पान हललं तर फोटो पुसट येतो, म्हणून त्या वेळात कोणी चालायचं नाही, खोकायचं नाही. बोळातून हातगाडी गेली तरी अण्णा फडक्याआडून कळवळत. फोटो घरीच न्हाणीघरात धुऊन दोरीवर वाळत घालत. पेटी कशी वाढत गेली ते त्या दोरीवर ओळीनं दिसायचं. आधी चार काड्या, मग झुडपं, मग रान.

ते रान जसजसं दाट आणि काळं होत गेलं, तसतसं फोटोत आणखी काहीतरी यायला लागलं.

पहिल्यांदा मालतीला दिसलं. गवताच्या मागं धुरासारखा एक पांढरा पट्टा होता. आम्ही म्हटलं, पाणी गढूळ असेल. पुढच्या फोटोत त्या पट्ट्याला काठ आला, लुगड्याला असतो तसा. मग काही आठवड्यांनी पानांच्या मधोमध एक कपाळ आणि एक डोळा. आम्ही पेटीकडे बघितलं. पेटीत पानंच होती. फोटोत मात्र तो डोळा आमच्याकडे बघत होता.

मी धीर करून विचारलं, “अण्णा, हे इथं काय आहे?”

अण्णांनी चष्मा वर सरकवून फोटो उजेडात धरला. “कुठं? हां. ते व्हय. शेवाळ हाय ते.”

“शेवाळाला डोळा?”

“मुरू द्या,” अण्णा म्हणाले आणि फोटो परत दोरीला लावला.

त्या दिवसापासून मालतीनं तिथं जाणं सोडलं. नदीकाठची पेटी, नदीतलं गवत; पाण्याबरोबर कोण घरात आलं असेल सांगता येत नाही, असं तिचं मत पडलं. मी तिला हसलो. पण संध्याकाळी बँकेतून येताना अण्णांची खिडकी आली, की तिच्यातल्या हिरव्या उजेडाकडे न बघता पुढं जायची सवय मलाही लागली.

एका रविवारी अण्णांनी मला हाक मारली. तिपाईचा एक पाय ढिला झाला होता, तो धरून ठेवायला माणूस हवा होता. मी गुडघ्यावर बसून पाय धरला. उजव्या हाताची खिडकी उघडी होती आणि तिचं ऊन पेटीवर न पडता आमच्या मागं कुठंतरी पडत होतं. फोटोला नको असेल म्हणून मी ती लावायला उठलो, तर अण्णा घाईनं म्हणाले, “राहू द्या. ती उघडीच लागती.”

ते फडक्यात शिरले. खोली गप्प झाली. मी समोर काचेत बघत होतो. काळ्याहिरव्या पानांत आधी काही नव्हतं. मग, कोणी खालून वर यावं तसा, एक चेहरा आला. पन्नाशीची बाई. डोक्यावर पदर. डोळे पेटीवर नव्हते, कॅमेऱ्यावर नव्हते, फडक्याखालच्या त्या वाकलेल्या पाठीवर होते. मी वळणार, तोच फडक्याखालून अगदी हलका आवाज आला.

“मागं बघू नका.”

मी तसाच राहिलो. अण्णा फडक्यातून बाहेर आले, पण मान न वळवता, खेकड्यासारखे तिरपे तिरपे सरकत. भिंगावरचं टोपण काढलं. ओठांत काही मोजलं, टोपण लावलं. मागं बांगड्या वाजल्या, आणि तो आवाज आत आत जात बंद झाला.

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. “पानं हलली न्हाईत न्हवं?” त्यांनी विचारलं.

मग कॉटवर बसून त्यांनी सांगितलं. एकुलती एक मुलगी होती, शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना काविळीनं गेली. तेव्हापासून अक्का आतल्या खोलीच्या झाल्या. स्वयंपाक करत, वाढत, कपडे धूत, पण समोर येत नसत आणि बोलत नसत. अण्णांनी समजावलं, रागावून बघितलं, पाहुण्यांना बोलावलं. जितकं करावं तितक्या त्या आत सरकल्या. शेवटी स्टुडिओ विकला आणि घरात बसले, निदान कोणी तरी घरात असावं म्हणून. पेटी केली ती वेळ जावा म्हणून. एका रविवारी नेहमीसारखे पेटीचा फोटो घ्यायला फडक्यात शिरले, तर कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर, सगळं उलटं दिसतं तिथं, गवतापाशी काही पांढरं हललं. पेटीच्या काचेत प्रतिबिंब पडलं होतं; अक्का मागं उंबऱ्यावर येऊन उभ्या होत्या. नवऱ्याचं तोंड फडक्यात आहे, तो बघत नाही, एवढ्यासाठी आल्या असाव्यात.

“वळलो असतो तर गेली असती,” अण्णा म्हणाले. “म्हणून फोटोच काढत राहिलो. आधी नुसती यायची आणि जायची, म्हणून धूर यायचा. आता उभी ऱ्हाती. लय येळ उभी ऱ्हाती.”

मी मालतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपण दोघांनी कोणाला सांगायचं नाही. पुढच्या रविवारपासून बोळात हातगाडी शिरली, की मालती दारात उभी राहून ती परतवायची.

उन्हाळा लागला. एका रविवारी, जेवणाच्या आधी, आमची कडी वाजली. मालतीनं दार उघडलं आणि ते तसंच उघडं टाकून आत आली. “बाहेर त्या आल्यात,” ती म्हणाली. “फोटोतल्या.”

मी बाहेर गेलो. अक्का आमच्या पायरीखाली उभ्या होत्या, पदर तोंडापर्यंत ओढलेला. पाण्याबाहेर त्या बारीक दिसत होत्या, आणि दमलेल्या. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा लागत होता. प्रत्येक शब्द त्यांना आठवून काढावा लागत होता.

“त्यांस्नी ताप हाय,” त्या म्हणाल्या. “आज आयतवार. फोटो कोण काढणार?”

मी धावलोच. अण्णा कॉटवर चादर घेऊन पडले होते, अंगाचा चटका बसत होता. डॉक्टरांना आणतो म्हटलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला कोणी बोलावलं ते विचारलं. मी सांगितलं, अक्का आल्या होत्या, आमच्या दारापर्यंत, आणि बोलल्या.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पाठ हलत होती, म्हणून मी थांबलो. जरा वेळानं भिंतीकडेच बघत त्यांनी विचारलं, “पायात काय हुतं का तिच्या?”

मला आठवेना. मग आठवलं. काही नव्हतं.

“घरात चप्पलच न्हाई तिला. लागलीच न्हाई कवा,” अण्णा म्हणाले. “फरशी तापली आसंल हो बोळातली. डॉक्टर ऱ्हाऊ द्या, साहेब. बाजारात एक जोड बघाल? चामड्याची नको. रबरी बघा.”

मी माप विचारलं. अण्णा कुशीवर वळले. चादरीवर हाताची वीत पसरली, तिच्यापुढं दोन बोटं टेकली, थोडा विचार करून एक बोट मागं घेतलं, आणि मी नीट बघून घेईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.