पयले काय बदलाव?

वामनभाऊ कळंबे सायकलवर बसण्याआधी सायकलच्या समोर बसतात. सकाळचा चहा झाला की ते घरापुढच्या सपरीत स्टूल टाकतात, सायकल भिंतीला टेकवतात आणि मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यासारखे तिच्याकडे गंभीरपणे पाहत राहतात. मग रस्त्याने जो जाईल त्याला थांबवतात.

"सांगा बरं जी, पयले काय बदलाव?"

जो जाईल त्याला म्हणजे खरंच कोणालाही. दूधवाल्याला विचारतात, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांना विचारतात, विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाला विचारतात. आणि रोज न चुकता मला विचारतात. मी त्यांची शेजारीण, इथे सौसरहून बसने शाळेत शिकवायला जाते, आणि माझी शाळेची वेळ व त्यांची सायकलची वेळ नेमकी एकच आहे.

सायकल साधी नाही. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, वजनाला हलकी. भाऊंचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला आहे. तिकडे त्याने स्वतःसाठी नवी रेसिंगची सायकल घेतली आणि जुनी वडिलांना पाठवून दिली. तब्येतीला बरं, म्हणून. सोबत निरोप दिला की सायकल उत्तम आहे, फक्त एकेक भाग हळूहळू बदलावा लागेल. झालं. भाऊंनी तेवढंच वाक्य धरून ठेवलं.

वास्तविक भाऊंची रामाकोन्याकडे संत्र्याची बाग आहे. माणूस निर्णयाला कच्चा नाही. कोणतं झाड ठेवायचं, कोणतं काढायचं, हे ते बांधावरून चालता चालता सांगतात. पण सायकलपुढे बसले की त्यांची गाडी पुढे सरकत नाही.

माझ्या यजमानांनी एकदा सुचवलं, "टायर बदला, भाऊ."

"टायर बदलला तं वेग वाढन. वेग वाढला तं ब्रेक पायजे. मतलब पयले ब्रेक."

"मग ब्रेक बदला."

"ब्रेक कडक झाला अन् टायर घासलेलाच राह्यला, तं घसरन ना जी!"

यजमान शहाणे, ते आत निघून गेले. पांढुर्ण्याच्या एका मिस्त्रीने गिअर बदलायला सांगितलं, तर भाऊ म्हणाले, चेन जुनी असताना नवा गिअर लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपणं. कोणी गादी सुचवली, तर म्हणाले, गादी मऊ झाली की माणूस आळशी होतो. दर शनिवारी ते त्याच सायकलवरून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातात. एका शनिवारी परत आल्यावर मला म्हणाले, "मारुतीलेई विचारलं."

"काय म्हणाले मारुतीराय?"

"गर्दी होती जी. जास्त वेळ उभं नाही राहू देत."

हे ते अगदी गंभीरपणे सांगतात. भाऊंना मी कधी थट्टेत बोलताना ऐकलेलं नाही.

एक दिवस माझी बस चुकली आणि माझा पारा चढला. "भाऊ, एक तर सगळंच बदला, नाहीतर काहीच बदलू नका. पण माझी पाठ सोडा!"

ते रागावले नाहीत. मला समजावून सांगू लागले. "मॅडम, संत्र्याले बहार पायजे असन तं आपण काय करतो? पाणी तोडतो. झाडाले ताण देतो. पानं मलूल होते, पाहणाऱ्याले वाटते झाड गेलं. मंग पाणी सोडलं की फुलं येते. तसाच मी सायकलले ताण देऊन राहिलो."

लोखंडाला ताण देणारा बागायतदार मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. मी कपाळाला हात लावला आणि पुढची बस धरली.

रविवारी सकाळी मात्र स्टुलावर बसून भाऊ कोणाला काही विचारत नाहीत. त्या वेळी प्रशांतचा फोन येतो. भाऊंना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून ते स्पीकर सुरू करतात, आणि आमची भिंत एकच असल्याने तो फोन आमच्या स्वयंपाकघरातही येतो.

"बाबा, किती वेळा सांगू? आधी टायर घ्या."

"पण मंग ब्रेक?"

"ब्रेक नंतर."

"तुह्या सायकलले तू पयले काय बदललं होतं? अन् आवाज कायले बसला तुहा? सर्दी झाली का? काढा पेत जा."

"घेतो. बाबा, टायरचं बोला."

असं बराच वेळ चालायचं. मी मनात म्हणायची, या पोराचा संयम मोठा आहे. एका रविवारी तो संपला. मुलगा म्हणाला, "तुम्ही काही ठरवू नका. मी सगळंच पाठवतो."

त्या आठवड्यात मोठा खोका आला. टायर, ब्रेक, चेन, गिअर, गादी, सगळं. गल्लीतले लोक जमले. सुटलो एकदाचे, असं वाटून मी सगळ्यांसाठी चहा टाकला. भाऊंनी खोका सपरीत ठेवून घेतला, चहा घेतला आणि उघडून न पाहताच आत गेले.

दुसऱ्या दिवशी स्टूल बाहेर आलं नाही. मला कोणी थांबवलं नाही, आणि बस वेळेवर मिळूनही मला चैन पडेना. शनिवारी ते जामसांवलीलाही गेले नाहीत. मी झुणका-भाकर घेऊन त्यांच्याकडे गेले. भाऊ अंधाऱ्या खोलीत खाटेवर बसले होते.

"बरं नाही का, भाऊ?"

"तब्येतीले काही नाही झालं जी." मग ते म्हणाले, "पण आता उद्या पोरासंगं काय बोलाव?"

मी उंबऱ्यावर बसले.

"त्याची माय होती तवा मले काम नव्हतं. फोन आला की मी इचारे, जेवला का, अन् तिच्या हाती देऊन देत जाय. ते दोघं बोलत, मी आयकत बसे. ती गेली अन् फोन माह्याच हाती राह्यला. जेवला का, हाव. पाऊस आहे का, नाही. बस, संपलं. मंग हे सायकल आली." त्यांनी पंच्याने डोळे पुसले. "झाडाले किती दिवस ताण द्याव, हे मले समजते मॅडम. पोराचं नाही समजत."

ताट ठेवून मी घरी आले आणि खूप वाईट वाटलं म्हणून थोडा वेळ देवघरापाशी बसले.

रविवारी मी वरणाचं निमित्त करून भिंतीलगत उभी राहिले. फोन वाजला.

"मिळालं का सगळं, बाबा?"

"मिळालं."

"मग आता झालं ना मनासारखं?"

"हाव."

"बरं. ठेवू मग?"

पलीकडे भाऊंची खुर्ची करकरली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"प्रशांत," भाऊ म्हणाले, "बाकी सगळं बराबर आहे. पण मले हे सांग, पयले काय लावाव?"

आता तो चिडणार, असं मला वाटलं. मग पुण्याकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज झाला, आणि एरवी वडिलांशी पुणेरी बोलणारा तो मुलगा लहानपणीच्या बोलीत म्हणाला, "थांबा बाबा, बसतो जरा. हां, सांगा. टायर कसा दिसून राहिला?"

त्या दिवशी आमचं वरण करपलं. यजमान काही बोलले, ते मी ऐकून घेतलं.

खोका आता उघडला आहे. सपरीत चटईवर सगळे भाग नीट मांडून ठेवलेत, आणि सायकलला अजून त्यातलं काहीही लागलेलं नाही. काल सकाळी मी शाळेला निघाले, तर भाऊंनी हात वर केला.

"मॅडम, पयले काय लावाव?"

बस कोपऱ्यावर येऊन उभी होती. मी पर्स खाली ठेवली आणि म्हटलं, "दुसरं स्टूल आहे का, भाऊ?"