प्रार्थनेला हजर दोनशे सोळा

व्यंकटरावांनी आपला रिकामा गोठा शाळेला फुकट दिला तेव्हा सगळ्या गावाचे डोळे पाणावले. माझे नाही पाणावले. मी तिथंच, बसल्या जागी, हिशेब मांडला. गोठ्याचं छप्पर गळत होतं, ते आता शाळा शाकारणार. दारावर व्यंकटरावांचं नाव लागणार. हिंगोलीहून तालीमातचे, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याचे, इन्स्पेक्टर साहेब आले की हार व्यंकटरावांच्या हातून पडणार, म्हणजे ओळखही त्यांचीच होणार. शिवाय दिवसभर कोंबड्यांमागं धावणारा त्यांचा धाकटा पाच तास आमच्या जिवाला! एवढं पदरात पडत असेल तर गोठाच काय, मी बैलसुद्धा देऊन टाकले असते. मला बैल नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मी संतराम. शाळेत हिशेब शिकवतो. कुठल्या माणसाला कशात काय सुटतं, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं!

एका माणसाचा हिशेब मात्र मला लागत नव्हता. आमचे हरिचंद गुरुजी! नांदेडला सात वर्षं गाणं शिकून या माणसानं पूर्णेकाठच्या आमच्या खेड्यात शाळा काढली, आणि शाळेच्या मधोमध काय ठेवलं? पेटी! फळा भिंतीला, मी कोपऱ्यात आणि पेटी मधोमध! पाढे चालीवर, नद्यांची नावं ठेक्यावर, बाराखडीला तर झुलव्याची लय.

"गुरुजी, ही शाळा आहे का भजनी मंडळ?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, लेकराचा कान उघडला की डोकं आपोआप उघडतं."

"आणि माझा खडू?"

"त्यो बी तालात चालवा!"

अशा माणसाशी काय बोलणार?

एवढं खरं की पोरं यायची. धनगरांची तर दोन कोसांवरून यायची. कारण शाळेची प्रार्थना. नामाजी धनगराची बायको पंचफुलाबाई तिन्हीसांजेला एक लांब हाक गाऊन मेंढ्या गोळा करते. तिच्या लेकीनं, नऊ वर्षांच्या सिंधूनं, ती चाल गुरुजींना म्हणून दाखवली. गुरुजींचे डोळे चमकले आणि दुसऱ्या दिवशी त्या चालीवर प्रार्थना बसली! आपल्या आईची हाक पेटीवर वाजते म्हटल्यावर धनगरांची तेरा लेकरं पटावर आली.

मग तालीमातचं पत्र आलं. खाजगी शाळेला इजाजत हवी असेल तर तपासणीच्या दिवशी पंचवीस मुलं हजर पाहिजेत आणि हिशेब पक्का पाहिजे. गाणंबिणं नंतर. इजाजत मिळाली तर शाळा, नाही तर पुन्हा गोठा! आणि गुरुजींना आखाडा बाळापूरच्या अडतीत धान्य मापायची नोकरी. त्यांच्या थोरल्या भावानं ती ठरवूनच ठेवली होती.

आता गंमत बघा. गावातली मुलं बारा. धनगरांची तेरा, पण ती कळपाबरोबर सिद्धेश्वरच्या अंगाला गेलेली. गुरुजींचं तोंड उतरलं.

"सोडा माझ्यावर!" मी म्हटलं.

आधी व्यंकटरावांना गाठलं. "शाळेमागच्या तुमच्या रानात दोन रात्री मेंढ्या बसवू. पेरणीआधी फुकटात खत!" मग नामाजीला गाठलं. "कळप आण. व्यंकटराव रात्रीला दोन पायल्या ज्वारी देतील." ज्याला जे गोड लागतं ते त्याला वाढलं. दोघांची गाठ पडेपर्यंत तपासणी उरकणार होती!

व्यंकटराव इतके खूश झाले की म्हणाले, "मास्तर, इजाजत मिळाली की मटणाची कंदुरी करून टाकतो. दोन एडके हायेत घरी. तुमी पयल्या पंगतीला!"

एडके कुठले, हे विचारायला माझं तोंड रिकामं नव्हतं. त्याला पाणी सुटलं होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले. शेरवानी, काळी टोपी, आणि चेहरा असा की दूध बघितलं तरी विरजावं. व्यंकटराव झेंडूचा हार घेऊन उभे. मुलं बरोबर पंचवीस. मी दोनदा मोजली. गुरुजींनी पेटी ओढली आणि प्रार्थना सुरू झाली.

दुसऱ्या ओळीला बाहेरून "बें" ऐकू आलं. मला वाटलं, एखाद्या पोराचा सूर चुकला. तिसऱ्या ओळीला दारात धूळ उठली. चौथ्या ओळीला, लग्नात वऱ्हाडी पंगतीत घुसावेत तसा नामाजीचा अख्खा कळप आत घुसला! एका मेंढीनं व्यंकटरावांच्या हातातला हार देठासकट खाल्ला. साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. बाहेरून नामाजी ओरडत होता, "आवो गुरुजी, थांबवा ना! तुमी बलावून राहिले, त्या येऊन राहिल्या!"

गुरुजींनी गाणं थांबवलं. आणि मेंढ्या खाली बसल्या! पंचफुलाबाईची हाक संपली की मुक्काम, एवढं त्यांना ठाऊक. आत मेंढ्या, ओट्यावर मेंढ्या, अंगणात मेंढ्या. सगळ्या रवंथ करत बसल्या.

"ये मदरसा है के मवेशी बाजार?" साहेब खुर्चीवरून गरजले. गुरुजी पेटीमागं उभे, चेहरा पांढराफटक. मग साहेबांनी वही उघडली. "ठीक है. हिसाब का इम्तिहान यहीं होगा. बोलो, कितनी भेडें हैं?"

हिशेब! माझी बाजू! मी बोट उगारून उंबऱ्यावर उभा राहिलो. एकेचाळीसपर्यंत ठीक चाललं. मग मोजलेली एक मेंढी काहीतरी विसरल्यासारखी परत आत आली. त्रेसष्टाव्या मेंढीनं गुडघ्यात ढुशी दिली आणि मी चौसष्टावीच्या पाठीवर बसलो.

"मास्तर, तुमी बसाच तिथं," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांनी मुलांना दाराच्या दोन्ही अंगांना उभं केलं. पेटीवर ठेका धरला. नामाजीनं शीळ घातली, कळप उठला आणि एकेक मेंढी दारातून अंगणाबाहेर जाऊ लागली. पाच मेंढ्यांना एक टाळी! सिंधू आकडा गात होती, बाकीची पोरं टाळी देत होती. गाडीच्या चाकासारखा आकडा फिरत गेला. शेवटची मेंढी गेली आणि सिंधू समेवर थांबली.

"दोनशे सोळा!"

"कळप किसका है?" साहेबांनी विचारलं.

"माझा, साहेब," नामाजी बाहेरून म्हणाला. "पर दोनशे चौदाच हायेत. पोरगी चुकली."

इतका खरेपणा कशाला लागतो माणसाला! साहेबांची पेन्सिल वहीवर टेकली. गुरुजींची बोटं पेटीवरून गळून पडली. बाळापूरचं माप मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आणि पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस धान्य मापायला गेला तर गावाचं काहीतरी फार मोठं वजा होईल.

"असू द्या साहेब, लेकरू हाय, चुकलं असंल!" व्यंकटराव घाईघाईनं म्हणाले. त्यांना कसली घाई, मला कळेना.

"न्हाई चुकले!" सिंधूनं पाय आपटला. "त्रेचाळीस टाळ्या झाल्या अन् वर एक उरली. ताल कुठं बी सुटला न्हाई. काहून चुकंल?"

तेवढ्यात व्यंकटरावांच्या मंडळी, पार्वतीबाई, पदर सावरत धावत आल्या. "आवो, ऐकलं का! कंदुरीचे दोन्ही एडके दावं तोडून इकडंच पळाले की!"

सगळे दाराकडं वळले. अंगणाबाहेर कळपात दोन एडके उभे होते. गळ्यात तुटलेलं दावं, तोंडात व्यंकटरावांच्या घरचा कडबा.

नामाजीनं त्यांचे कान चाचपले. "ह्यो काप तर माझाच! नागपंचमीला हरवले व्हते हे. काय हो व्यंकटराव?"

"व्हय... म्हंजे सांभाळून ठेवले व्हते. मालक भेटंना!"

"दोन रात्री तुमच्याच रानात निजून राहिलो मी. अजून कसा भेटायचा?"

साहेबांचं विरजण फुटलं! टोपी सांभाळत ते इतके हसले की खुर्ची करकरली. "बच्ची भी सही, बाप भी सही! ऐसा हिसाब तो मेरे दफ्तर में नहीं होता." त्यांनी तिथंच इजाजतीवर सही केली. मग विचारलं, "हिसाब के मास्टर कौन हैं?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी अजून मेंढीचे केस झटकत होतो. "इनको भी गाना सिखाओ," साहेब म्हणाले.

तर आता गोळाबेरीज. गुरुजींची शाळा राहिली, बाळापूर टळलं. नामाजीला दोन एडके परत मिळाले, वर दोन रात्रींची चार पायल्या ज्वारी. त्या दिवशी व्यंकटरावांच्या तोंडून "नाही" निघणं शक्यच नव्हतं. त्यांना खत मिळालं, छप्पर शाकारून मिळालं, दारावर नावही लागलं. हार तेवढा मेंढीला पडला. आणि मी? रोज सकाळी मागच्या रांगेत बसून सा लावतो. पुढं सिंधू टाळी देते आणि सगळ्यांसमोर सांगते, "मास्तर, तुमचा सा खाली घसरून राहिला!"

कंदुरी अर्थातच झाली नाही. त्या रात्री मी पिठलं-भाकरी खाल्ली.

म्हणजे शाळा वाचली, एडके वाचले, व्यंकटरावांची अब्रूही अर्धीमुर्धी वाचली. कापला गेलो तो एकटा मीच!