रशियन पाहुण्याचा सत्कार

मला रशियन येतं! सत्त्याऐंशी साली जळगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण मीच ती सगळ्यांना सांगितली होती. पोस्टाने सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्यातले बरेच धडे टपालात गहाळ झाले, पण ते असू द्या.

म्हणूनच दौऱ्यावरचं रशियन नाटक गावात आलं, तेव्हा आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष शालिग्रामनाना मला म्हणाले, "सचिवसाहेब, सगळं तुमच्या भरवशावर! पहिला अंक संपला की मुख्य नटाचा सत्कार. चूक झाली तर सचिवपद झिपरूकडे!"

अकरा वर्षं जिवापाड जपलेलं पद! आणि त्यावर डोळा ठेवून असलेला हा झिपरू प्रयोगाला मागच्या रांगेत बसून दात काढत होता.

नाटक जुनं, नावाजलेलं. अर्धं हसवणारं, अर्धं रडवणारं, असं हँडबिलावर छापलं होतं. कुठलं अर्धं कुठे, ते मात्र मला कळेना. चोपड्याहून केळीच्या ट्रकमधून आलेली मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आलटून पालटून हसलो आणि डोळे पुसले.

शेवटी म्हातारा नायक खाटेवर आडवा झाला. बाकीचे निघून गेले. मग नुसती शांतता!

"अंक संपला का हो?" नानांनी विचारलं.

"संपला! त्यांच्यात पडदा पाडत नाहीत," मी ठोकून दिलं.

आम्ही शाल, श्रीफळ, हार घेऊन रंगमंचावर चढलो. नट अस्सल, पापणी हलवेना! नानांनी त्याला शाल पांघरली, छातीवर हार ठेवला, उशाशी नारळ.

पुढच्या रांगेतून नानांच्या पत्नी भिकुबाईंनी हंबरडा फोडला, "मरी गया वं माय! म्हातारा मरी गया!"

अख्खं थिएटर उभं राहिलं. नानांनी आजवर शेकडो शोकसभा गाजवलेल्या. सत्काराचा कागद खिशात घालून ते माईकवर म्हणाले, "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू." मीही मान खाली घातली. खरं सांगतो, मला रडूच फुटलं!

दीड मिनिटाने म्हातारा उठला, जांभई दिली, नारळ बाजूला सारला आणि खाटेखाली बाटली शोधू लागला!

जी पळापळ झाली! भिकुबाईंची एक चप्पल अजून सापडलेली नाही.

त्यांचा दुभाषी माझ्याजवळ आला. "हे पात्र दारू पिऊन झोपलं होतं. आमची मंडळी विचारताहेत, तुमच्याकडे अशांचा सत्कार करतात का?"

मला कोर्सचा पहिलाच धडा आठवला. 'दा' म्हणजे हो.

"दा!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी झिपरू सचिव झाला. त्याने पहिलाच ठराव मांडला तो माझ्या सत्काराचा. शाल, श्रीफळ, हार, सगळं आणलं होतं.

"टेका ना भाऊ खुर्चीवर," झिपरू म्हणाला.

"नको," म्हणालो, आणि हार उभ्यानंच घेतला. डोळे सताड उघडे ठेवून!