मिठाच्या पाण्यातले फासे

बोंदरेकाका दर रविवारी दुपारी दोन वाजता पिपरी मेघेहून स्कूटरवर नालवाडीला येतात. त्यांच्या पिशवीत एक लांब वही असते आणि काचेच्या बरणीत मिठाचं पाणी असतं. पाणी फासे तपासण्यासाठी असतं.

हे फासे वीस बाजूंचे. भूगोल शिकवणाऱ्या वैशाली मॅडमच्या घरी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. मॅडम एका जादूच्या राज्याची गोष्ट सांगतात. बाकी तिघांनी त्या राज्यातलं एकेक पात्र घेतलेलं आहे. आपलं पात्र काय करणार ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. नीलेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. खेळात तो जादूगार आहे. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो. खेळात राजाचा लेखनिक आहे. काकांनी शास्त्रज्ञ घेतला. त्याचं नाव यंत्रपाल. तो जादू वापरत नाही.

पहिल्याच दिवशी काकांनी सगळे फासे बरणीत टाकले. पाण्यात पुरेसं मीठ असलं की फासा तरंगतो. बोटानं टिचकी मारायची आणि वर कोणता आकडा येतो ते पाहायचं. दर वेळी वेगळा आला तर फासा सरळ. नीलेशचा हिरवा फासा पाचातून चारदा वीस वर करून तरंगला.

"बदमाश हाये हा," काका म्हणाले. "आत पोकळी हाये एका अंगाले."

"काका, तो माहा लकी फासा हाये."

"तेच तं म्हणून राह्यलो."

हिरवा फासा काकांच्या चष्म्याच्या डबीत गेला, तो परत आला नाही.

काका तळेगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडणी केली, उपकरणं पुसली, कपाटात ठेवली. स्वतः वाचन घ्यायचा, म्हणजे उपकरणावरचा आकडा पाहून टिपायचा, अधिकार नव्हता. "पोरं पुस्तकातल्या उत्तरावरून वाचन लिवत," त्यांनी एकदा सांगितलं. "मले दिसे. मी टेबल पुसत राहो."

आता अधिकार आहे आणि ते तो पुरेपूर वापरतात. फासा पडला की आकडा दोघांनी वाचायचा, हा त्यांचा नियम. "एक वाचन म्हणजे अफवा," असं ते म्हणतात. वहीत पहिलं वाचन, दुसरं वाचन आणि शेरा असे तीन रकाने आखलेले आहेत. दुसरा वाचक मी. दर रविवारी निघताना माझी सही घेतली जाते.

ड्रॅगनचा प्रसंग सांगायला हवा. मॅडम म्हणाल्या, "डोंगरामागून ड्रॅगन झेपावतो." नीलेश मंत्र म्हणायच्या तयारीत होता.

"थांबा," काका म्हणाले. "वजन किती हाये त्याचं?"

"काका, ड्रॅगन आहे तो."

"म्हणूनच विचारून राह्यलो. चिमणीचं कोणी विचारते काय?"

मॅडमनी वजन दिलं. काकांनी पंखांची लांबी मागितली. वीस मिनिटं आकडेमोड चालली, तोवर ड्रॅगन हवेत थांबून होता. निष्कर्ष असा निघाला, की एवढं वजन सपाटीवरून उडूच शकत नाही. तो कड्यावरून उडी मारूनच निघत असला पाहिजे. यंत्रपालानं कड्याला जवसाचं तेल लावून घेतलं. पुढच्या रविवारी ड्रॅगन घसरून गवताच्या गंजीवर पडला. आमच्या राज्यातला ड्रॅगन तेव्हापासून पायी फिरतो.

इतकी हुशारी असलेला यंत्रपाल बाकीचा वेळ मात्र भलत्याच कामात घालवत असे. त्याच्या कारखान्याशेजारी एक दिवेवाली राहते. तिला ऐकू येत नाही. हे पात्र मॅडमच्या गोष्टीत नव्हतं. काकांनी मागून घेतलं. यंत्रपाल तिच्यासाठी यंत्रं करतो. दार वाजलं की दिवा लुकलुकेल अशी दोरी. दूध वर आलं की उभा राहणारा झेंडा.

नीलेश एकदा वैतागला. "काका, आमी इथं राज्य वाचवून राह्यलो, न् तुमी दुधाचा झेंडा करून राह्यले."

"राज्य तं दर रविवारी वाचते," काका म्हणाले. "दूध रोज उतू जाते."

एका रविवारी काका बरणी विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती द्यायला पिपरी मेघेला गेलो. बेल दाबली. आवाज आला नाही. खिडकीतून आतला दिवा तीनदा लुकलुकताना दिसला आणि काकूंनी दार उघडलं.

काका दळण आणायला गेले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं. गॅसवर दुधाचं पातेलं होतं. त्याच्या काठाला तारेची दांडी अडकवलेली होती आणि दांडीच्या टोकाला लाल कापडाचा तुकडा. दूध वर येताच कापड उभं राहिलं. काकूंनी मागे वळून गॅस बंद केला.

"तीन वर्षं झाली ऐकू येणं गेलं," त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या. "कानातलं मशीन घातलं की कोणी भांडे आपटल्यासारखं वाटते, म्हणून ठेवून देल्लं." मग ओट्यावरची पाटी माझ्यासमोर सरकवली. "पयले हे लई बोलत. आता लिवून दाखवा लागते, तं कामापुरतंच लिवतात. तिथं बोलतात का?"

मी पाटीवर लिहिलं, 'चार तास.'

"काय बोलतात एवढं?"

'ड्रॅगनचं वजन विचारतात.'

त्या खूप वेळ हसल्या. "बोलू देजा त्यायले," म्हणाल्या.

ही गोष्ट मी पुढच्या रविवारी काका यायच्या आधी बाकी दोघांना सांगितली. त्यानंतर दुधाच्या झेंड्यावरून नीलेश काही बोलला नाही.

गेल्या महिन्यात गोष्टीत एक इच्छामणी निघाला. तो कुणाकडे जायचा यासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि मणी यंत्रपालाकडे गेला. एकच इच्छा, एकच फासा. पंधरा किंवा त्याहून वर पडलं तर इच्छा पुरी; नाहीतर मण्याची राख.

"घ्या," नीलेश म्हणाला. "काका आता मणी फोडून पायतीन आत काय हाये ते."

काका वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्या दिवेवालीले ऐकू आलं पायजे."

"काका," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे जादूनं?"

"हो. यंत्रानं जेवढं होते तेवढं करून झालं."

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि डबीतून हिरवा फासा काढला. नीलेशनं तो ओळखला. त्यानं तोंड उघडलं, मग समोरचा पाण्याचा गिलास उचलून प्यायला.

फासा टेबलावरून घरंगळत मॅडमच्या हातापाशी थांबला. सात.

मॅडमनी तो पटकन उचलला. "वीस," त्या म्हणाल्या.

काकांनी वहीत आकडा लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "दुसरं वाचन?"

मी नोकरीभर इतरांच्या बातम्यांतले आकडे दुरुस्त केले आहेत.

"वीस," मी म्हणालो.

मॅडमनी पुढची गोष्ट सांगितली. दिवेवाली पहाटे उठली, तेव्हा तिला प्रथम दुधाचं पातेलं ऐकू आलं. मग दारावरची थाप. दारात यंत्रपाल उभा होता आणि तो बोलायला लागला. तो काय बोलला ते काकांनी सांगायचं होतं.

"आता नाई," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी. लई हाये."

निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे वही सहीसाठी पुढे केली. पहिलं वाचन, वीस. दुसरं वाचन, वीस. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या डोळ्यानं सात. बहुमत मान्य.'

मी सही केली.