मेश्रामकाकांची फळी

मेश्रामकाका मुलांना नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. माझी नऊ वर्षांची ओवी त्यांच्या लेखी एकोणीस आहे आणि मी एकोणीसची आई. एकदा मी बाजारात वांगी निवडत होते, तर मागून आवाज आला, "एकोणीसचा खोकला गेला का? नसन गेला, तर पाठवू नका पान्यात!" भाजीवालीने मला असं खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू आधीची अठरा मी घरी कोंडून आले आहे.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमच्या भागात तळ्यांना तोटा नाही. पण तळ्यात म्हशी डुंबतात, म्हणून शिकल्या-सवरल्यांच्या लेकरांसाठी एका कंत्राटदाराने बस स्टँडमागे निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव काढला. दारावर नियमांचा फलक आहे. पहिला नियम, पोहण्याचा पोशाख सक्तीचा. पोरं जीन्स घालून उड्या मारतात. तिसरा नियम, दहा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक हवेत. पालक असतात, फक्त ते मोबाईलमध्ये असतात. जीवरक्षकही आहे. तो मॅनेजरचा साळा. त्याचे दंड बघण्यासारखे आहेत आणि बघण्याचं काम तो स्वतःच करतो.

अशा या ठिकाणी दोन उन्हाळ्यांपूर्वी मेश्रामकाका उगवले. नात नाही, नातू नाही, स्वतःला पोहता येत नाही. सकाळी फिरायला आले आणि कुंपणातून आत बघत उभे राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्टीत रोज ओवीला घेऊन जायचे आणि काठावर बसून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर बदल्यांच्या बातम्या वाचायचे. काका सरळ माझ्यापुढे येऊन ठाकले.

"मास्तरीणबाई, तुमची पोट्टी कोणती?"

मी मान वर न करता गुलाबी टोपीकडे बोट दाखवलं.

"थे भोयरायची हाये. तुमची थे, खांबाजवळ. नाकातोंडात पानी चाललं तिच्या, अन् तुमचं ध्यान कोठी हाये?"

मी धावले. ओवीला काही झालं नव्हतं, ठसका लागला होता. पण चारचौघांत स्वतःचं लेकरू ओळखता न आलेली बाई म्हणून माझी जी शोभा झाली, त्याबद्दल मी पुढे वर्षभर काकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. वेडसर म्हातारा, रिकामटेकडा, याला घरी कोणी विचारत नसेल, वगैरे.

काका तीस वर्षं मँगनीजच्या खाणीत बत्तीघरात होते. पाळीला खाली उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला त्यांच्याकडे ठेवायचा आणि डोक्यावरची बत्ती घेऊन जायचा. वर आला की बत्ती द्यायची, बिल्ला न्यायचा. भिंतीवर एक जरी बिल्ला उरला, तरी कोणीतरी अजून खाली आहे. "जेवढे खाली, तेवढे वर," हे त्यांचं एकूण तत्त्वज्ञान. निवृत्त झाल्यावर माणसं देवाचं करतात, शेती करतात, निदान बायकोशी भांडतात. यांनी तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून साठ बिल्ले केले, त्यांवर रंगाने नंबर टाकले, प्रत्येक पोराला एक नंबर कायमचा ठरवून दिला आणि एका फळीला साठ खिळे ठोकून ती तलावाच्या दाराशी आणून उभी केली. आत जाताना पोराने आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून काकांच्या हातात द्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय पुढची बॅच आत नाही. मॅनेजरने त्यांना आधी हाकललं, मग समजावलं, शेवटी प्लॅस्टिकची एक खुर्ची दिली. फुकटचा राखणदार कोणाला नको असतो?

खुर्ची मिळाल्यावर मात्र माणूस फारच माजला. पालकांचे मोबाईल कापडी पिशवीत जमा. ओल्या फरशीवर पोरगं पळालं की शिट्टी. एक डॉक्टरीणबाई आपल्या चार वर्षांच्या लेकाला हवेच्या टूबमध्ये सोडून सावलीत बसल्या, तर काका म्हणाले, "बाई, थे टूब हाये. माय तुमी हा."

"कंबरभरच तर पाणी आहे, काका."

"बादलीत कितीक रायते?"

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या नाहीत. मुलगा मात्र येतो, आता त्याच्यासोबत बाप पाण्यात उभा असतो, कपाळाला आठ्या घालून.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळची बॅच सुटली आणि फळीवर एक बिल्ला उरला. सत्तावीस. म्हणजे पूर्वा, तिसरीतली मुलगी, मामासोबत आलेली. त्या आठवड्यात पंप बिघडला होता आणि पाणी हिरवट झालं होतं. खोल बाजूचा तळ दिसत नव्हता.

काकांनी शिट्टी मारली. पुढच्या बॅचची पोरं टोप्या घालून तयार, त्यांना हात आडवा केला.

"गेली असंन घरी, काका," जीवरक्षक म्हणाला.

"असंन?" काका ओरडले. "असंन म्हनल्यानं कोणी वर येते का? उतर पान्यात!"

तो पुटपुटत उतरला. एकदा बुडी मारून वर आला, दुसऱ्यांदा आला. तिसऱ्या बुडीला काठावरच्या सगळ्या बायांनी आपापली लेकरं जवळ ओढली. मीही ओवीचा दंड इतका घट्ट धरला, की तिने कळवळून सोडवून घेतला. पाण्याखाली काही नव्हतं. तोवर मॅनेजरने वहीतून पूर्वाच्या आईचा नंबर काढला. तिने भावाचा दिला. मामाने फोनवर हसत सांगितलं, की तो मधल्या वेळात तर्री-पोहे खाऊन आला, पूर्वाला मागच्या फाटकातून घेतलं आणि थेट अड्याळला, पलीकडच्या गावात, घरी नेलं. आता ती आंबा खाऊन राहिली.

हशा पिकला. जीवरक्षकाने टॉवेल आपटला. "या बुढ्यापायी मले हिरवं पानी प्यायला लागलं!" मॅनेजर म्हणाला, "काका, उद्यापासून हे फळीबिळी बंद."

काका मात्र बिल्ल्याकडेच बघत होते. "मी पोरीले पाहिलं नाई."

"व्हिडिओ कॉल लावू का?"

"मोबाईलमंधी मेलेले लोकबी नाचतेत," काका म्हणाले आणि सायकलकडे निघाले. अड्याळला, त्या उन्हात, पासष्टीचा माणूस! उद्या वाटेत झीट येऊन पडले तर पाप कोणाच्या डोक्यावर? मी चरफडत ओवीला भोयरबाईंकडे सोपवलं आणि स्कूटी काढली.

"बसा मागे."

"हेल्मेट?"

मी हेल्मेट घातलं. तरीही वाटभर सूचना. समोर ट्रॅक्टर हाये. हॉर्न द्या. पोट्टे आडवे येतीन.

अड्याळच्या त्या घरी पूर्वा पडवीत बसली होती. कोपरापर्यंत आंब्याचा रस. काका तिच्यापुढे उकिडवे बसले. तिचं तोंड, हात, पाय असं सगळं बघून घेतलं. मामा बनियनवर बाहेर आला, "काय काका, एवढ्यासाठी आले?"

मला वाटलं, आता याची सालटी निघणार. पण काका उठून ओट्याकडे गेले आणि बसले. पूर्वाच्या आजीने पाणी आणलं. अर्धं पाणी काकांच्या सदऱ्यावर सांडलं. शेवटी त्या बाईनेच पेला त्यांच्या तोंडाला लावला. मामाचं हसणं विरलं. तो आत गेला, शर्ट घालून आला आणि काकांच्या पायाशी बसला. "चुकलं, काका," इतकंच म्हणाला.

परतताना सूचना नव्हत्या. अड्याळ सुटल्यावर मागून आवाज आला, "घाई हाये का, मास्तरीणबाई?"

"नाही. का?"

"हळू घ्या मंग. मले घरी जाऊन काय करा लागते?"

मी वेग कमी केला.

"पाळीवरून मी येवो, तं माही बायको सुमन दारात उभी राहे," काका म्हणाले. "पाच मिन्ट लेट झालो का शेजाऱ्यायले विचारत फिरे. मी साऱ्या खाणीची गिनती ठेवो, माही गिनती ठेवणारी थे एकटीच. दोन वर्सं झाले जाऊन. लेक रायपूरले हाये. रविवारी फोन करते. सोमवारी कोठी पडलो, तं रविवारीच समजन तिले."

त्यांनी हे वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि बरंच झालं.

मॅनेजरने फळी काही बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वाचा मामाच दाराशी उभा राहून आया-बापांना मागच्या फाटकावरून हटकत होता. मॅनेजर बघत राहिला.

त्या रविवारी मी घरी आल्यावर ओवीला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, कारण तिने त्यातून भलतंच काम काढलं. रोज संध्याकाळी सात वाजता, काका बस स्टँडकडून फिरून येतात तेव्हा, ती माझा फोन घेते.

"आजोबा, पोचले का?"

"पोचलो. सातवर चार मिन्टं होऊन गेले. काय करून रायली होती?" आणि फोन बंद. ना कौतुक, ना आभार. हा माणूस सुधारायचा नाही.

परवा घरी पाहुणे आले आणि ओवी विसरली. आठ वाजायला आले तेव्हा तिला आठवलं. आता हिची खैर नाही, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. पहिली घंटीसुद्धा पुरती वाजली नाही.

"आजोबा, पोचले का?"

काका म्हणाले, "हाव. पोचलो माय." आणि फोन बंद न करता, "तू जेवली का?"