शिरगुप्पेकाकांची कंट्री

शिरगुप्पेकाका डोक्यावरची काउबॉय हॅट फक्त दोन ठिकाणी काढायचे, न्हाव्याकडे आणि दफनभूमीत. न्हाव्याचं काम तसं फारसं उरलेलं नव्हतं. दफनभूमीत मात्र वरचेवर जावं लागे, कारण त्यांच्या मंडळातली माणसं एकेक करून तिकडेच चालली होती.

मंडळ म्हणजे जर्मनीतल्या आमच्या कायझर्सलाउटर्न गावचा कंट्री म्युझिकचा फेराइन. घोडे, ट्रक आणि सोडून गेलेली बायको यांच्यावर गिटार घेऊन गायची ती अमेरिकन गाणी. इथल्या अमेरिकन फौजींनी गावाला त्यांची गोडी लावली, आणि मिरजेहून शिलाई यंत्रांच्या कारखान्यात टर्नर म्हणून आलेल्या काकांना जरा जास्तच लावली. फेराइन दर ऑक्टोबरात पारितोषिकं देतो. मी काकांच्या खालच्या मजल्यावर राहते, एवढ्याच पात्रतेवर मतदार झाले. कॉफीच्या डब्याला भोक पाडून केलेली मतपेटी घेऊन काका दारात उभे राहत. "मत गुप्त पायजे, मी तोंड फिरवतो," म्हणत आणि खरोखर भिंतीकडे तोंड करून थांबत.

विभाग पाच, हयात कलाकार चार. 'उदयोन्मुख गायक' हा मान एकदा अडुसष्ट वर्षांच्या हॉर्स्टला मिळाला. श्रद्धांजलीची यादी नामांकनांपेक्षा लांब असे. पूर्वी हा सोहळा रात्रभर चालायचा म्हणे. आता दुपारी तीनला केक कापून सुरू होतो, कारण संध्याकाळी सगळ्यांच्या गोळ्या असतात.

बक्षीस म्हणजे नाव कोरलेला बिअरचा मग. काकांकडे असे अकरा आहेत आणि एकातही कधी बिअर पडलेली नाही. काका दारूला शिवत नाहीत. सफरचंदाच्या रसात सोडा, बस. मी एकदा कारण विचारलं.

"आल्झो," काकांनी जर्मन पद्धतीनं सुरुवात केली, "आमच्या घराण्यात मी बेवडा हाय."

झालं होतं असं. पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा काकांनी हौसेनं घरी पत्र लिहिलं, 'मी इथे कंट्रीच्या नादी लागलो आहे. दर शनिवारी रात्रभर कंट्री असते. यंदा सगळ्या गावात माझा पहिला नंबर आला.' वडिलांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं, आणि समोर काकांसाठी स्थळ घेऊन आलेली मंडळी पोहे खात होती. मिरजेत कंट्री म्हणजे देशी दारू, दुसरा अर्थच नाही. मंडळी पोहे टाकून उठली.

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत.

"खुलासा केला की. चार पत्रं घातली. पण मी पीत न्हाई असं पिणाराच म्हणतो गं."

वडिलांनी पुन्हा पत्र लिहिलं नाही आणि तोच समज घेऊन ते वारले. लग्न राहिलं ते राहिलंच. थोरली अक्का शाळेत गेलेली नव्हती, तरी शेजारणीकडून पत्रं लिहून घ्यायची. शेवटची ओळ ठरलेली, 'सोड रे बाळ आता ती.' काका सुट्टीला गेले की अक्का दारातच त्यांचं तोंड हुंगायची. वास आला नाही की म्हणायची, "माझ्यापुढं पीत न्हाईस, एवढं तरी ठेवलंयस."

गेल्या वर्षी अक्कानं अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. काकांनी ठरवलं, ती जायच्या आत आपली कंट्री तिला दाखवायचीच. त्यांनी चक्क मराठीत कंट्री गाणं रचलं, अक्का त्यांना कडेवर घेऊन बाजाराला न्यायची त्याचं. सोहळ्यात फोन धरून मी उभी राहिले, तिकडे मिरजेत अक्काची मुलगी सुनीता. काका पूर्ण गाणं फोनकडे बघत गायले. मला ते संगीत आवडत नाही, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना धार लागली. हॉर्स्टनं बक्षिसाचा मग दिला. काकांनी तो फोनसमोर उंच धरला.

अक्का डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "अजून सुटली न्हाई व्हय रे तुझी?"

"आई, गाणं हाय ते!" सुनीता तिच्या कानात ओरडली. मग रडवेली होऊन आम्हाला म्हणाली, "मामा, वर्ष झालं, तिला काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे अक्कानं पाहिलं ते एवढंच, की लाल तोंडाचा भाऊ वाकडी टोपी घालून तोंड वासतोय आणि हातात बिअरचा मग आहे. लिहून दाखवावं तर तिला वाचता येत नव्हतं. मला फोन भिरकावून द्यावासा वाटला.

काकांनी थोडा वेळ मगाकडे पाहिलं. मग तो टेबलावर पालथा ठेवला, हॅट काढली आणि फोनसमोर दोन्ही कान पकडले.

अक्काचा चेहरा फुलला. तिनं दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकड मोडली. "सुटली गं बाई एकदाची! आता वर गेले की बाबांना सांगते."

बहिणीला गाणं आवडलं का, हॉर्स्टनं विचारलं. "या, या," असा जर्मनमध्ये होकार देत काकांनी नाक पुसलं.

दिवाळीनंतर अक्का गेली.

यंदाच्या ऑक्टोबरात मतपेटी आली नाही, म्हणून मीच वर गेले. काकांनी बोडक्या डोक्यानं दार उघडलं. गिटार तळघरात ठेवली होती. हॉर्स्टला त्यांनी कळवूनही टाकलं होतं, मी येणार नाही.

मी चिडलेच. "काका, तुम्ही दारू कधी प्यालाच नाहीत! मग सोडायचं काय त्यात?"

"कंट्री सोडली म्हणून अक्कापुढं कान पकडलेत पोरी," काका म्हणाले. "आणि माझ्याकडं कंट्री एकच होती."