कलम सात आणि उजवी दाढ

दातांच्या डॉक्टरांनी सकाळपासून सात वेळा 'चुकलं माझं' गिळलं होतं आणि आता दुपारी आठवं घशाशी येणार होतं.

डॉक्टर मुळात माफीवीर. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीचीही माफी मागायचे. पण महिन्यापूर्वी विमेवाले साहेब आले आणि पॉलिसीच्या सातव्या कलमावर बोट आपटून म्हणाले, "पेशंटपुढे चूक कबूल केलीत की विमा खलास! मग कुणी कोर्टात खेचलं तर दवाखाना विकून भरपाई द्याल. माशांसकट!"

मासे म्हणजे खिडकीजवळच्या काचेच्या टाकीतले. डॉक्टरांचा जीव की प्राण! तेव्हापासून चूक झाली की डॉक्टर नुसतं "नोंद घेतली" म्हणायचे. बायकोचा वाढदिवस विसरले तेव्हासुद्धा. त्यानंतर दोन दिवस तिनेही नुसत्या नोंदीच घेतल्या.

आणि आज खुर्चीत कोण, तर साक्षात विमेवाले साहेब! गालाला रुमाल, डोळ्यांत पाणी.

"उजवी, खालची दाढ काढून टाका. लवकर आटपा डॉक्टर. सहाला चाळीस डॉक्टरांपुढे भाषण आहे माझं. चुका कशा टाळाव्यात!"

दुपार कशी मऊ मऊ होती. टाकीतल्या पाण्यातून गाळलेलं ऊन छतावर हलत होतं. डॉक्टरांना वाटलं, सगळा दवाखानाच पाण्याखाली गेलाय; दिवा, खुर्ची, साहेबांचा टाय, सगळं तरंगतंय. सोनेरी मासा अलगद डावीकडे वळला. त्याच्यामागोमाग डॉक्टरांचा हातही अलगद डावीकडे वळला आणि त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळाने उजव्या दाढेला चिमटा टेकला मात्र, साहेब असे किंचाळले की मासे दगडामागे लपले.

"अहो, भूल डावीकडे दिलीत!" मदतीला उभी असलेली बायको कुजबुजली.

आठवं 'चुकलं माझं' जिभेच्या टोकापर्यंत आलं. डॉक्टरांनी दात आवळले. "नोंद घेतली," ते म्हणाले आणि घाईघाईने उजवीकडेही भूल दिली.

आता साहेबांचं अख्खं तोंड बधिर. ओठ जणू शेजाऱ्याचे, जीभ म्हणजे उशी. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजले होते.

"सहापर्यंत उतरेल का हो?" बायकोने विचारलं.

"आठ तरी वाजतील," डॉक्टर माशांकडे बघत म्हणाले.

साहेबांनी टेबलावरची वही ओढली आणि मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'निदान माफी तरी मागा!'

"इच्छा खूप आहे हो!" डॉक्टर रडकुंडीला आले. "पण तुमचं ते कलम सात..."

"लेखी द्या," बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सहीशिक्क्यासकट. ह्यांचा भोळेपणा मी ओळखून आहे आणि तुमची कलमंही."

साहेबांनी हताशपणे बॅगेतून शिक्का काढला. 'आजच्या भुलीच्या चुकीबद्दल माफी मागितल्यास विमा रद्द होणार नाही.' ठप्प!

आणि बांधच फुटला! डॉक्टरांनी साहेबांचे दोन्ही हात धरून इंजेक्शनची माफी मागितली, भाषणाची मागितली, मग बायकोकडे वळून वाढदिवसाची, आणि मनातल्या मनात दोष दिला म्हणून सोनेरी माशाचीही. बायकोने हळूच डोळे पुसले. साहेबांच्या गालावरूनही काहीतरी ओघळलं. लाळ की अश्रू, त्यांनाही कळेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची कुणी माफीच मागितली नव्हती.

"कसं पिसासारखं हलकं वाटतंय!" डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, हातमोजे काढले, दिवा मालवला. "या बरं का साहेब."

साहेब तरंगत तरंगत दारापर्यंत गेले. थबकले. परत येऊन खुर्चीत बसले, तोंड उघडलं आणि आत बोट दाखवलं.

उजवी दाढ जागच्या जागी होती.

डॉक्टरांनीही तोंड उघडलं, आणि बायकोकडे बघून मिटलं.

"परवानगी एकाच चुकीची आहे हं," ती म्हणाली.

साहेबांनी निमूटपणे वही पुढे ओढली आणि पुन्हा शिक्का काढला.